पंधरा दिवसांत समुद्र?

'वेळ नाही' हे आपल्या काळातले सर्वांत प्रतिष्ठेचे वाक्य आहे. एके काळी माणसाची पत जमिनीवरून ठरे, मग पगारावरून ठरू लागली. आता ती, त्याला किती वेळ नाही, यावरून ठरते. अशा वेळ नसलेल्या, पण पैसा असलेल्या माणसांसाठी बाजारात जी नाना प्रकारची सुखे विक्रीला मांडलेली असतात, त्यांत गेल्या काही वर्षांत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे समुद्र. काचेच्या पेटीत, निळ्या दिव्याखाली, पोवळ्यांच्या रंगीत झुडपांतून नारिंगी मासे फिरताहेत असा समुद्र. दिवाणखान्यात ठेवा, दवाखान्यात ठेवा, हॉटेलात ठेवा. "तुम्ही कामाची माणसे, तुम्ही काही करू नका, आम्ही सगळे बसवून देतो," असे विकणारा सांगतो आणि घेणारा सुखावतो.

या लेखात मला त्या आश्वासनाशी भांडायचे आहे.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाशी माझे वैर नाही. माझ्या घरी चार फुटी, दोनशे लिटरची अशी टाकी गेली आठ वर्षे आहे. मी मराठीचा एम. ए.; अमोनिया आणि नायट्रेट हे शब्द माझ्या अभ्यासक्रमात कधी नव्हते. शाळा, पालक, शिक्षणखात्याचे कागद आणि दोन भाषांतला पत्रव्यवहार यांतून उरणाऱ्या वेळात मी ते शिकलो. तेव्हा व्यग्र माणसाला हा छंद जमत नाही, असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे नेमके उलट आहे. व्यग्र माणसाला तो जमतो, उतावळ्याला जमत नाही. व्यग्रता आणि घाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाजार त्या मुद्दाम एक करून दाखवतो.

हे लिहायला निमित्त घडले ते असे. आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला एका माजी विद्यार्थ्याने प्रवेशदालनात समुद्री मत्स्यालय बसवून द्यायचे ठरवले. मुलगा सरळ मनाचा, स्वकष्टाने वर आलेला. "सर, पंधरा दिवसांत समुद्र उभा करून देतो. समारंभाला पाहुण्यांनी बघत राहिलं पाहिजे," असे तो म्हणाला. सोबत एका विक्रेत्याचे दरपत्रक होते. त्यात टाकी, दिवे, पंप, बारा जातींचे मासे आणि 'ओरिजिनल कोरल' अशी यादी होती. मी त्याला म्हटले, "अरे, मनापासून देतो आहेस, पण पंधरा दिवसांत समुद्र होत नाही. आणि यादीतली शेवटची वस्तू तर शाळेच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही." देणगी नाकारली गेली. त्यावरून जे बोलले गेले ते माझ्यापर्यंत व्यवस्थित पोहोचले. मुख्याध्यापक जुन्या वळणाचे आहेत. विज्ञानाचे वावडे आहे. आणि सर्वांत झोंबणारे हे की, सीमाभागातल्या मराठी शाळा पटाअभावी धापा टाकताहेत, समोरच्या इंग्रजी शाळा दारात कारंजी नाचवताहेत, आणि हे गृहस्थ दारी आलेली शोभा परत पाठवतात!

हा शेवटचा आरोप मला महत्त्वाचा वाटतो. म्हणून त्याचे उत्तर चार लोकांत द्यायचे ठरवले.

पहिला मुद्दा वेळेचा. नव्या टाकीत मीठ मिसळलेले पाणी भरले, म्हणजे ते खारे पाणी झाले. समुद्र झाला नाही. मासा जिवंत आहे तोवर त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडत राहतो, आणि अमोनिया हे माशाला विष आहे. खऱ्या समुद्रात ते पचवणारे जिवाणू दगडागणिक बसलेले असतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषच. दुसऱ्या जातीचे नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते त्या मानाने निरुपद्रवी. ही दोन कुळे नव्या टाकीतल्या दगडांवर रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतून मिळणारे जिवाणू टाकले तर काही दिवस वाचतात. पण रुजले की नाही, हे चाचणीशिवाय कोणी सांगू शकत नाही. या सहा आठवड्यांत टाकीत मासा सोडायचा नसतो. चिमूटभर खाद्य किंवा मोजका अमोनियम क्लोराइड टाकून जिवाणूंना उपाशी ठेवायचे नाही, आणि दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट किटने पाणी तपासत राहायचे. घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला, नायट्राइटही शून्य दिसले, की समजावे टाकी तयार झाली.

म्हणजे पहिला दीड महिना बघण्यासारखे काही नसते. दगड, वाळू, पाणी आणि पंपाचा आवाज. पुढचे दोन-तीन महिने त्याहून वाईट. काचेवर तपकिरी थर येतो, मग हिरवे शेवाळ येते, दगड मळकट दिसतात. जाणकार म्हणतात, हे वयात येणे आहे, जाऊ द्या. घाईचा माणूस इथे दुकानदाराला फोन करतो, औषध आणतो, आणखी मासे आणतो, दिवा वाढवतो. म्हणजे जे आपोआप निवळले असते ते ढवळून काढतो. उतावळ्या नवऱ्याच्या गुडघ्याला बाशिंग असते. उतावळ्या छांदिष्टाच्या टाकीत मेलेले मासे असतात. पंधरा दिवसांत बारा जातींचे मासे सोडणारा विक्रेता समारंभाच्या दिवशी शोभा देईल, यात शंका नाही. पाहुणे गेल्यावर पुढल्या आठवड्यात सकाळी लवकर येणाऱ्या शिपाईमामांना काय उचलावे लागेल, ते दरपत्रकात नसते.

'दाम करी काम' ही म्हण आपण मुलांना शिकवतो. इथे दाम काम करीत नाही. जिवाणूंना तुमची श्रीमंती कळत नाही, समारंभाची तारीखही कळत नाही.

आता व्यग्रतेबद्दल. माझा अनुभव सांगतो. रोज सकाळी दहा मिनिटे: तापमान पाहणे, मासे मोजणे, चिमूटभर खाद्य, आणि वाफेने उडालेल्या पाण्याची भरपाई. रविवारी एक तास: वीस लिटर पाणी काढून तितकेच नवे खारे पाणी घालणे, काच पुसणे, चाचण्या करणे. आठवड्याला दोन तास दहा मिनिटे. एवढा वेळ बेळगावातल्या कोणत्याही डॉक्टराला, वकिलाला, गिरणीमालकाला आहे. क्रिकेटच्या एका सामन्यात याच्या तिप्पट जातो. अडचण वेळाची नाही, रोजची आहे. हे दोन तास दहा मिनिटे एकदम एका रविवारी देता येत नाहीत.

का येत नाहीत, ते हिशेबाने दाखवतो. मास्तराला हिशेबाशिवाय राहवत नाही. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. दोनशे लिटरला झाले सात किलो. रोज दोन लिटर पाणी वाफ होऊन उडते, असे धरा. पाणी उडते, मीठ मागे राहते. आठवडाभर कोणी पाहिले नाही तर टाकीत १८६ लिटर पाणी उरते आणि तेच सात किलो मीठ. म्हणजे लिटरला साडेसदतीस ग्रॅमच्या वर. मग गृहस्थ गावाहून परततो, घाबरतो आणि चौदा लिटर गोडे पाणी एकदम ओततो. सात दिवस हळूहळू चढलेला खारटपणा सात मिनिटांत उतरतो. त्या धक्क्याने पहिल्यांदा कालवे, गोगलगाई आणि पोवळी गळतात. म्हणून रोज दोन लिटर, आणि तेही गोडे पाणी, खारे नव्हे. अनेक नवशिके उडालेल्या पाण्याच्या जागी पुन्हा खारे पाणी घालतात आणि टाकीचे लोणचे करतात.

पाणी तरी कुठले? राकसकोपचे किंवा हिडकलचे नळाचे पाणी आपल्याला चालते, पोवळ्याला नाही. त्यातले क्लोरीन, फॉस्फेट, धातूंचे अंश शेवाळाला पोसतात आणि नाजूक जिवांना मारतात. आरओ आणि त्यापुढे डीआय अशा दोन्ही गाळण्यांतून काढलेले पाणी लागते. हा खर्च टाळून दिव्यांवर पैसे उधळणारा माणूस पाया न खणता गच्ची बांधतो.

"मग लहान टाकीपासून सुरुवात करतो, सर," असे पुष्कळ जण म्हणतात. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते, पण समुद्राच्या बाबतीत ते उलटे आहे. चाळीस लिटरच्या टाकीतून रोज अर्धाच लिटर उडाला, तरी आठवड्यात खारटपणा ३८ च्या वर जातो. एक मासा कोपऱ्यात मेला तरी सगळे पाणी नासते. पाणी जितके अधिक तितकी चुकीला क्षमा अधिक. नवशिक्याला आणि व्यग्राला क्षमेचीच जास्त गरज असते. म्हणून दीडशे-दोनशे लिटरच्या खाली येऊ नये आणि मासे मात्र दोन-चारच ठेवावेत. बाजारात याच्या उलट चालते: टाकी टीचभर, मासे डझनभर.

आपल्या गावचे हवामान आणि वीज यांचाही विचार हवा. प्रवाळ २४ ते २७ अंशांत सुखी असते. बेळगावची जानेवारीतली रात्र त्याला थंड, एप्रिल-मेमधली दुपार त्याला ताप. हिवाळ्यात हीटर, उन्हाळ्यात पाण्यावर पंखा किंवा चिलर, आणि पंखा लावला की पाणी अधिक उडते, हे लक्षात ठेवणे. वीज गेली की दिव्याची चिंता करू नये. एक दिवस अंधार कोणाला मारत नाही. पंप थांबला की मात्र पाण्यातला प्राणवायू काही तासांत उतरू लागतो. इन्व्हर्टरची जोडणी आधी पंपाला द्यावी. हे सांगणारा विक्रेता मला अजून भेटायचा आहे, कारण दिवा विकता येतो, सावधपणा विकता येत नाही.

इथवर झाले ते कौशल्याचे. यापुढचा मुद्दा नीतीचा आहे, आणि माझे खरे भांडण तिथे आहे.

पोवळे हा शब्द आपल्या घरातला आहे. संस्कृत प्रवाळ, त्याचे आपल्याकडे पोवळे झाले. आमच्या कन्नड शेजाऱ्यांच्या तोंडी त्याचेच पवळ आणि मग हवळ झाले. दोन्ही घरांतल्या सुवासिनींच्या गळ्यात काळ्या मण्यांबरोबर तो लाल मणी असतो. भाषेवरून आपण कितीही भांडलो, तरी या शब्दाचे मूळ एकच. दागिन्यातले पोवळे दूर भूमध्य समुद्रातून येत आले. समुद्रात भिंती उभ्या करणारे दगडी प्रवाळ त्याचे दूरचे भाऊबंद. ही भिंत ज्याने बांधली तो जीव नखाएवढा असतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल भाडेकरू म्हणून राहते, उन्हात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा मालकाला देते. पाणी फार तापले की हा संसार मोडतो, शैवाल बाहेर पडते, प्रवाळ पांढरे पडते. १९९८ मध्ये जगभर असे झाले, २०१० मध्ये झाले, २०१४ ते २०१७ असे सलग झाले, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जागतिक पातळीवरचे चौथे विरंजन जाहीर केले. त्या वर्षी आपल्या लक्षद्वीपच्या प्रवाळांनाही त्याचा मोठा तडाखा बसला.

अशा जिवाला खडकावरून छिन्नीने काढून पिशवीत भरून 'ओरिजिनल' म्हणून विकायचे, हा केवळ निर्दयपणा नाही, गुन्हा आहे. ११ जुलै २००१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे, शिवाय समुद्री घोडेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. म्हणजे कायद्याच्या लेखी ते वाघाच्या पंगतीत बसले. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. २०२२ च्या दुरुस्तीने दंड वाढवला. प्रवाळाचे संरक्षण उठवले नाही. समुद्रातून काढलेला 'जिवंत दगड' म्हणून जे विकतात, तोही बहुधा प्रवाळाचाच सांगाडा असतो. जो गृहस्थ दिवाणखान्यात वाघाचे पिल्लू बांधायला धजणार नाही, तो दगडी प्रवाळ पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. शाळेच्या दारात ते ठेवले असते, तर नागरिकशास्त्राच्या तासाला मी वर्गात कोणत्या तोंडाने गेलो असतो?

माशांची कथा वेगळी नाही. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक तळ्यांत, हौदांत वाढवलेले असतात. समुद्रातले बहुतेक मात्र समुद्रातूनच पकडलेले असतात. फिलिपीन्समध्ये १९६० च्या दशकापासून शोभेचे मासे पकडायला सायनाइड वापरले गेले. पुढे ते इतरत्रही पसरले. खडकाच्या कपारीत विष फवारायचे, मासा गुंगला की हाताने उचलायचा. त्या विषाने आसपासचे प्रवाळ मरते. मासा दुकानापर्यंत टवटवीत दिसतो आणि पुष्कळदा घरी आल्यावर काही आठवड्यांत कारण न कळता मरतो. घेणारा म्हणतो, माझा हात जड आहे. हात जड नसतो. मासा आधीच मेलेला असतो, फक्त पोहत असतो.

छंदानेच छंदाचे घर मोडल्याचे उदाहरण जुने आहे. इंग्लंडात फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने डेव्हनच्या किनाऱ्यावरच्या खडकांतली कुंडे पाहून १८५३ आणि १८५४ मध्ये पुस्तके लिहिली, समुद्रातले जीव घरात काचेच्या टाकीत कसे ठेवावेत हे सांगितले. त्याचा हेतू शुद्ध होता. ईश्वराची रचना लोकांनी जवळून पाहावी, एवढाच. लोकांनी पाहिली, आणि मग उचलून नेली. घरोघर टाक्यांचे वेड पसरले, टोपल्या घेऊन माणसे किनाऱ्यावर उतरली. त्याच्या मुलाने, एडमंड गॉसने, १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत नोंदवून ठेवले आहे की ती कुंडे ओरबाडली गेली आणि वडिलांना त्याचे दुःख होते. टाक्यांतले बहुतेक जीव काही दिवसांत मरत, आणि माणसे पुन्हा टोपल्या घेऊन जात. दीडशे वर्षांत दिवे बदलले, पंप आले, टोपली तीच राहिली.

विरोधी पक्षाचेही ऐकले पाहिजे. पहिला आक्षेप असा: "बेळगावातल्या एका टाकीने समुद्र रिकामा होतो काय?" एका टाकीने होत नाही. पण एका मताने निवडणूक होत नाही आणि एका मुलाने शाळेचा पट भरत नाही, हे ठाऊक असूनही आपण मत देतो आणि पालकांच्या दारी जातो. ज्यांनी ही गोष्ट आयुष्यभर केली, त्या सीमाभागातल्या माणसांनी तरी हा युक्तिवाद करू नये.

दुसरा आक्षेप: "तापमानवाढीने प्रवाळ मरणारच आहे, घरात तरी वाचेल." हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाचा २०१८ चा अहवाल खरोखरच भयंकर आहे. दीड अंश तापमानवाढीत ७० ते ९० टक्के प्रवाळ जाईल आणि दोन अंशांत ९९ टक्क्यांहून अधिक, असे तो सांगतो. पण आजारी माणसाच्या घरातले दागिने, नाहीतरी तो जाणारच आहे म्हणून उचलून आणणाऱ्याला आपण वारस म्हणत नाही. प्रवाळ वाचवण्यासाठी त्याची शास्त्रशुद्ध जोपासना करणारे संशोधक वेगळे, आणि शोभेसाठी खडक फोडून आणलेले विकत घेणारे वेगळे.

तिसरा आक्षेप सर्वांत सभ्य: "आम्ही काळजी घेणारा माणूस ठेवतो. तो आठवड्याला येऊन सगळे पाहतो." ठेवा. पण मग ती टाकी तुमची नाही, त्याची आहे. तुम्ही फक्त वीजबिल भरता. मासा आठवड्यातून एकदा आजारी पडत नाही. ज्या दिवशी तो कोपऱ्यात तोंड करून उभा राहतो, त्या दिवशी घरातल्या कोणाला तरी ते दिसले पाहिजे. मुलांचा अभ्यास शिकवणीला, आईवडिलांची सेवा नर्सला, देवाची पूजा गुरुजींना आणि समुद्र सर्व्हिसवाल्याला सोपवून जो वेळ वाचतो, त्या वेळाचे आपण करतो काय, हा प्रश्न मी इथे विचारीत नाही. ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

आणि शेवटचा आक्षेप, जो आमच्या समितीत एका सदस्याने घेतला: "पोवळ्याशिवाय समुद्र कसला?" याचे उत्तर आहे. सुरुवात पोवळ्याशिवायच करायची असते. कृत्रिम, सिमेंटचे किंवा सिरॅमिकचे दगड रचावेत; वर्षभरात जिवाणू, शैवाल, सूक्ष्म कीटक यांनी ते इतके जिवंत होतात की ओळखू येत नाहीत. मासा घ्यायचा तर हॅचरीत जन्मलेला क्लाउनफिश घ्यावा. या माशाच्या पैदाशीचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने तमिळनाडूतल्या मंडपमला केव्हाच बसवले आहे. समुद्रातून पकडलेला घेण्याचे काही कारण उरलेले नाही. मासा कुठे जन्मला हे बिलावर लिहून मागावे. लिहून न देणाऱ्याकडून घेऊ नये. पुढे सहा महिन्यांनी वाटलेच, तर कायद्याच्या यादीत नसलेल्या मऊ जातीचे, टाकीतच वाढवलेले कलम घ्यावे. आंब्याचे कलम घेताना आपण रोपवाटिका विचारतो, तसेच इथे विचारावे. जात यादीत आहे की नाही याची शंका असेल तर वनखात्याला विचारावे, दुकानदाराला नव्हे. आणि एक इशारा: बटणांसारखे दिसणारे झोअँथिड जातीचे मऊ जीव घरात येणार असतील, तर त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचे जहाल विष असते हे जाणून घ्या. त्यांना उघड्या हाताने कापू नये, आणि त्यांचा दगड स्वच्छ करायला कधीही उकळू नये; त्या वाफेने घरेच्या घरे इस्पितळात गेल्याची उदाहरणे परदेशांत नोंदलेली आहेत.

क्लाउनफिश टाकीत वीस वर्षे जगल्याच्या नोंदी आहेत. मुलगा पाचवीत असताना आणलेला मासा, तो नोकरीला लागेपर्यंत घरात असू शकतो. ही खरेदी नव्हे, सोयरीक आहे. पंधरा दिवसांत सोयरीक जमवणाऱ्या मध्यस्थाबद्दल आपले वडीलधारे काय म्हणत, ते आठवून पाहा.

आता त्या झोंबलेल्या आरोपाकडे येतो. शोभा नाकारल्याने मराठी शाळेचे नुकसान झाले काय? आम्ही जूनमध्ये प्रयोगशाळेत एक जुनी चार फुटी टाकी मांडली. पहिले सात आठवडे तिच्यात दगड आणि पाणी होते. आठवीची मुले पाळीपाळीने रिफ्रॅक्टोमीटरने खारटपणा मोजत, अमोनियाच्या नळीचा रंग तक्त्याशी लावून पाहत, आणि वहीत लिहीत. डाव्या पानावर मराठीत, उजव्या पानावर कन्नडमध्ये. मीठ आणि उप्पु, पाणी आणि नीरु शेजारी शेजारी. आलेख चढला, टेकला, उतरला. नायट्रोजनचे चक्र जे मी चाळीस वर्षांपूर्वी पाठ करून विसरलो, ते या मुलांनी होताना पाहिले. ऑगस्टमध्ये हॅचरीतले दोन मासे आले. प्रवेशदालनात अजून काही नाही. समितीतले दोन सदस्य अजून माझ्याशी मोकळे बोलत नाहीत, आणि देणगी देणारा माझा विद्यार्थी समारंभाला आला तो मागच्या रांगेत बसून निघून गेला. ही किंमत लहान नाही. पण मराठी शाळा टिकायची असेल तर ती समोरच्या शाळेहून मोठे कारंजे उडवून टिकणार नाही. तिथे आपण हरलेलेच आहोत. ती टिकली तर, इथे मुलाला एखादी गोष्ट मुळापासून शिकवतात, एवढ्याच एका कारणाने टिकेल.

ज्यांना पोवळे पाहायचेच आहे त्यांनी ते त्याच्या घरी जाऊन पाहावे. चोर्ला घाट उतरला की समुद्र आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. बडोद्याच्या वाचकांना कच्छच्या आखातातले सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे ओहोटीला परवानगी घेऊन जिवंत प्रवाळ पाहता येते. आणि कोकण किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटर आत, पाण्याखाली, कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे नाव मिरवणारा आंग्रिया बँक नावाचा प्रवाळांचा प्रदेश आहे. ज्या आरमाराचा अभिमान आपण भाषणांत सांगतो, त्याच्या नावाचे पोवळे समुद्रात सुखरूप राहावे, एवढे तरी आपल्या हातून व्हावे.

इतके सांगूनही एखाद्या वाचकाला, मला टाकी हवीच, असे वाटत असेल, तर त्याला माझा आशीर्वाद आहे आणि एक परीक्षाही आहे. खर्च काही नाही. एक रुंद तोंडाची बादली घ्या. तीत पाणी भरा, आतून रंगाची एक रेघ ओढा आणि ती घरात ठेवा. चाळीस दिवस रोज सकाळी त्या बादलीतले पाणी रेघेपर्यंत भरा, आणि तारीख घालून वहीत लिहा: किती पाणी घातले, किती वाजता घातले. लग्नकार्य असो, परीक्षा असो, गावाला जाणे असो. आपण नसू तेव्हा कोण भरील त्याची व्यवस्था लावा. चाळिसाव्या दिवशी वही उघडा. एकही दिवस कोरा नसेल तर तुम्ही कितीही व्यग्र असा, खुशाल टाकी आणा. तुमच्याकडे मासे जगतील. मध्ये चार-पाच दिवस कोरे असतील तर बादली रिकामी करा, तुळशीला पाणी घाला, आणि समुद्राला समुद्रातच राहू द्या.